मुद्रित पाकपुस्तके आणि ऑनलाइन पाककृती : मराठी स्वयंपाकघरातील निवडीचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात चकलीच्या भाजणीचे प्रमाण विचारले जात नाही असे मराठी घर विरळाच. तांदूळ किती, हरभऱ्याची डाळ किती, उडदाची किती, याचे उत्तर पूर्वी सासूकडे किंवा शेजारणीकडे असे. पुढे ते फडताळातील पुस्तकात आले आणि आता मोबाइलच्या पडद्यावर आले आहे. साहजिकच छापील पाकपुस्तक चांगले की ऑनलाइन पाककृती चांगली, हा प्रश्न घरोघर निघतो. पुस्तक भरवशाचे आणि मोबाइल सोयीचा, एवढे म्हणून तो बहुधा मिटवलाही जातो.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नाकडे इतिहासाच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. कोणतीही पाककृती पूर्णपणे लिहिली जात नाही. प्रत्येक माध्यम काही गोष्टी नोंदवते आणि काही गोष्टी करणाऱ्याच्या माहितीवर सोडून देते. काय नोंदवायचे आणि काय सोडायचे, हे माध्यम बदलले की बदलते. म्हणून निवड करताना त्या माध्यमाने आपल्यासाठी काय गृहीत धरले आहे, हे पाहणे आवश्यक ठरते. याला आणखी एक बाजू आहे. आज आपण जेथून शिकतो तेच उद्या आपल्या स्वयंपाकघराचे साधन म्हणून मागे उरणार आहे. या दुसऱ्या बाजूची चर्चा मराठीत फारशी झालेली नाही. अभ्यासाची व्याप्ती मराठी भाषेतील पाककृतींपुरती मर्यादित ठेवली आहे.

मुद्रित पाकपुस्तकाचा उदय :

पाकक्रियेविषयी लिहिण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात राजाच्या भोजनाचे सविस्तर वर्णन येते. सतराव्या शतकात तंजावरच्या मराठ्यांच्या आश्रयाने रघुनाथ पंडिताने 'भोजनकुतूहल' रचले. दोन्ही ग्रंथ संस्कृतात आहेत. एकाचा रोख राजवैभवावर आहे, तर दुसऱ्याचा अन्नाच्या गुणदोषांवर. चुलीपुढे बसलेल्या बाईने ते उघडावेत अशी त्यांच्या कर्त्यांची अपेक्षा नव्हती.

ही अपेक्षा छापखान्याबरोबर आली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ साली प्रसिद्ध झाले. मराठीतील आद्य मुद्रित पाकपुस्तकांत त्याची गणना होते. मात्र ते कोण वाचत होते, हा प्रश्न विचारावयास हवा. त्यानंतर सव्वीस वर्षांनी, १९०१ च्या जनगणनेत, भारतातील साक्षर स्त्रियांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. मराठी मुलुखातील शहरी घरांत ते थोडे अधिक धरले तरी, पुस्तक वाचणारा आणि स्वयंपाक करणारी या बहुतेक ठिकाणी दोन वेगळ्या व्यक्ती असणार, असे अनुमान काढता येते. 'सूपशास्त्रा'चा कर्ता पुरुष आहे, ही गोष्टही या संदर्भात लक्षात घेण्यासारखी आहे.

लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' या १९१० च्या पुस्तकाने हे चित्र पालटू लागले. कर्ती स्त्री होती, वाचकही स्त्रीच अभिप्रेत होती आणि शीर्षकातच एक हजार पाकक्रियांचे आश्वासन होते. धुरंधर पाठारे प्रभू समाजातील होत्या, त्यामुळे मुंबईच्या या जुन्या समाजातील सामिष स्वयंपाकालाही ग्रंथरूप मिळाले. पुढे सारस्वत महिला समाजाच्या 'रसचंद्रिके'सारखी पुस्तके आली. जातीजातींचे स्वयंपाक छापील पानावर येऊ लागले, पण ज्या समाजाकडे शिकलेल्या स्त्रिया, मंडळे आणि छपाईचा खर्च सोसण्याची ऐपत होती त्यांचेच आले. याचा विचार पुढे करावयाचा आहे.

वजनमापांचा प्रश्न आणि 'रुचिरा' :

जुन्या पाकपुस्तकावरून आज पदार्थ करू पाहणाऱ्यास पहिली अडचण येते ती मापांची. शेर, पावशेर, छटाक, तोळा, मासा ही मापे आता केवळ म्हणींत उरली आहेत. बरे, शेर तरी एक होता काय? मुंबईचा शेर बंगालच्या ऐंशी तोळ्यांच्या शेरापेक्षा बराच लहान होता. त्यात कच्चा आणि पक्का, मापी आणि वजनी असे भेद होते. म्हणजे पुण्यात छापलेल्या पुस्तकातील 'एक शेर' नागपूरच्या वाचकाच्या घरी वेगळा भरू शकत होता. छापील शब्द स्थिर असतो असे आपण म्हणतो, परंतु त्या शब्दामागचे माप स्थिर नव्हते. १९५६ च्या वजनमापांविषयीच्या कायद्यानंतर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आणि लिटर आले. दुकानातील तागडी बदलली, पण घरात तागडी नव्हतीच. तेथे वाटी होती.

कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली प्रसिद्ध झाले. त्याच्या अफाट खपाची कारणे अनेक असली तरी प्रस्तुत लेखकाच्या मते वाटी-चमच्याचे माप हे त्यांतील प्रमुख कारण होय. वाटी लहान-मोठी असू शकते, परंतु एकच वाटी शेवटपर्यंत वापरली की प्रमाण बिघडत नाही. पाककृतीला लागते ते पदार्थांचे परस्परांशी असलेले गुणोत्तर आणि वाटी ते अचूक राखते. तिघांच्या घरी लहान वाटी घ्यावी, आठांच्या घरी मोठी. कोणत्याही प्रयोगशाळेत न जाता प्रमाणीकरणाचा हा प्रश्न सोडवला गेला. आपल्याकडील ज्ञानव्यवहाराच्या इतिहासात याची नोंद गांभीर्याने घेतली गेलेली नाही, याचे नवल वाटते. हेच काम एखाद्या अभियंत्याने केले असते तर त्यावर प्रबंध झाले असते.

'रुचिरा'चा काळही अनुकूल होता. १९७१ च्या जनगणनेनुसार देशातील स्त्री-साक्षरता सुमारे २२ टक्क्यांवर पोहोचली होती. नोकरीच्या बदल्यांमुळे एकत्र कुटुंबे फुटून मुंबई-पुण्यात दोन खोल्यांचे संसार उभे राहत होते. 'स्त्री'सारख्या मासिकांनी १९३० पासून वाचणाऱ्या स्त्रियांची एक पिढी घडवली होती. प्रेशर कुकर आणि गॅसची शेगडी मध्यमवर्गीय घरात येत होती, त्यामुळे आईने चुलीवर शिकवलेले जसेच्या तसे उपयोगी पडत नव्हते. सासूबाई गावी आणि सून शहरात अशा घरांत पुस्तकाने सासूची जागा घेतली. कमलाबाईंना लाखभर सुनांची सासू म्हटले जाऊ लागले. या कौतुकात इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट सामावलेली आहे. ज्या पुस्तकाला आज आपण परंपरेचे प्रतीक मानतो, ते आपल्या काळी परंपरेतील माणसाच्या अनुपस्थितीत आलेले नवे साधन होते. 'पुस्तक बघून स्वयंपाक करते' हा तेव्हाच्या सुनेला मारलेला टोमणा आज 'मोबाइल बघून करते' असा झाला आहे, इतकेच.

छापील पाककृती काय सोडून देते :

वाटीने प्रमाणाचा प्रश्न सोडवला, परंतु अवस्थेचा प्रश्न तसाच राहिला. 'खमंग भाजावे', 'बेताचे पाणी घालावे', 'एकतारी पाक करावा', 'कडकडीत मोहन घालावे', 'मऊसर मळावे' ही पाकपुस्तकांची नेहमीची भाषा. जिने आईच्या हातचा रवा भाजताना पाहिला आहे तिला 'खमंग' कळते. ज्याने पाहिला नाही त्याला तो शब्द वाचून वास येत नाही. उकडीच्या मोदकाच्या कळ्या कशा पाडाव्यात आणि पुरणपोळी लाटताना पुरण कडेपर्यंत कसे न्यावे, हे लिहिताना चांगल्या लेखिकांचीही लेखणी अडखळते. याचा दोष त्यांना देता येत नाही. हे हाताचे ज्ञान आहे आणि ते डोळ्यांवाटे हाताकडे जाते.

येथे चलत्चित्राने मोठी उणीव भरून काढली. दूरचित्रवाणीवर १९९३ पासून 'खाना खजाना'सारख्या कार्यक्रमांनी त्याची सुरुवात केली होती, पण तो कार्यक्रम आपल्या वेळेला लागत नसे आणि थांबवून पुन्हा पाहता येत नसे. यूट्यूब २००५ मध्ये सुरू झाले. २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले, तेव्हा ते खेड्यापाड्यांतील स्वयंपाकघरांत पोहोचले. मोदकाची कळी दहा वेळा मागे नेऊन पाहता येऊ लागली. या एका कारणासाठी, म्हणजे हाताची क्रिया शिकण्यासाठी, ऑनलाइन पाककृतीची निवड करणे सर्वस्वी योग्य आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

मात्र पडदाही काही सोडून देतो आणि तो जे सोडतो ते सहसा लक्षात येत नाही. तो वेळ सोडतो. नोकरीनिमित्त परगावी एकटे राहत असताना प्रस्तुत लेखकाने एका चित्रफितीवरून अनारसे करून पाहिले. तांदूळ तीन दिवस भिजवणे, रोज पाणी बदलणे, सावलीत सुकवणे, दमट असतानाच दळणे आणि गूळ घालून पीठ मुरवणे ही आठवड्याची क्रिया तेथे चार मिनिटांत बसवली होती. पीठ कितपत दमट असावे हे पाहण्याआधीच दृश्य बदलले. तुपात सोडताच पहिला अनारसा हसला, दुसराही हसला, तिसऱ्यानंतर कढई उतरवली. सुट्टीत घरी गेल्यावर आईला लग्नात मिळालेले जुने पाकपुस्तक उघडले. अनारशांच्या पाककृतीशेजारी आईच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेले होते : 'गूळ पाऊणच. हसतात.' पुस्तकाने जे सांगितले नव्हते ते त्याच्या समासाने सांगितले. ते पान पीठ आणि तुपाच्या बोटांनी इतके माखलेले आहे की घरात कोणता पदार्थ वरचेवर होई, हे केवळ पुस्तकाच्या कडा पाहून सांगता यावे.

यावरून एक व्यावहारिक गोष्ट निघते. भिजवणे, आंबवणे, मुरवणे, वाळवणे यांवर अवलंबून असणाऱ्या पदार्थांना, तसेच प्रमाणावर उभ्या असलेल्या भाजण्या, मसाले आणि लोणची यांना लिखित पाककृती अधिक उपयोगी पडते. ती एका नजरेत आरंभापासून अखेरपर्यंत दिसते आणि दरवर्षी तीच राहते. त्यामुळे गेल्या वर्षीची चूक यंदा दुरुस्त करता येते. ऑनलाइन शोधात दरवर्षी वेगळीच पाककृती वर येते. एका शब्दाला शेकडो उत्तरे मिळतात आणि त्यांतून निवडण्याचे जे काम पूर्वी लेखिका करीत असे, ते नवख्या करणाऱ्यावर येऊन पडते. अधिक वेळा पाहिली गेलेली पाककृती अधिक वेळा करून पाहिलेली असतेच असे नाही.

कोणाचे स्वयंपाकघर ?

अर्जुन अप्पादुराई यांनी १९८८ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात भारतीय पाकपुस्तकांचा अभ्यास करून शहरी मध्यमवर्गीय स्त्रियांनी 'राष्ट्रीय' स्वयंपाकाची कल्पना कशी घडवली, हे दाखवले आहे. त्यांचे विवेचन मुख्यतः इंग्रजी पुस्तकांवर आधारलेले आहे. मराठीत 'महाराष्ट्रीय' पदार्थ म्हणून जे पुस्तकांत स्थिरावले त्यालाही ते पुष्कळ अंशी लागू पडते. साधन-सामग्री असलेल्या मोजक्या जातींचा स्वयंपाक साऱ्या महाराष्ट्राचा म्हणून छापला गेला. बहुसंख्यांच्या चुली पुस्तकाबाहेर राहिल्या.

आईच्या ज्या पुस्तकाचा वर उल्लेख केला त्यात येसर नाही. मराठवाड्यात धान्ये, डाळी आणि मसाले भाजून दळलेल्या ज्या पिठाने आमटीला दाटपणा येतो, ते येसर. आमच्या घरी ते वर्षभर डब्यात असे. लग्नपंगतीतील आमटी त्यावाचून होत नसे, परंतु ज्या पुस्तकावरून आई केक शिकली त्यात ते नव्हते. मग आजीला विचारून आईने ते पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून काढले.

कोऱ्या पानावरच्या या स्वयंपाकाला मुद्रित ग्रंथात जागा मिळण्यास फार उशीर लागला. तेव्हाच्या पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने २००९ मध्ये दलितांच्या अन्नस्मृतींवर इंग्रजीत पुस्तक सिद्ध केले. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ मध्ये आले. मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांचा आहार त्यात पाककृतींसह आणि त्यामागील अभावासह नोंदवला आहे. २०२४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवादही प्रसिद्ध झाला. 'सूपशास्त्रा'पासून मोजल्यास या नोंदीला एकशे चाळीस वर्षे लागली.

ऑनलाइन माध्यमाने हा उंबरठा निःसंशय खाली आणला. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासार येथील सुमन धामणे या शाळेत न गेलेल्या आजी २०२० मध्ये 'आपली आजी' या यूट्यूब वाहिनीमुळे सर्वदूर परिचित झाल्या. वृत्तपत्रांतील वृत्तांतांनुसार आरंभ पावभाजीच्या हट्टाने झाला. नातवाने ती करण्याची रीत मोबाइलवर दाखवली आणि आजीने ती अधिक चांगली करून दाखवली. मुद्रित पुस्तकाच्या व्यवस्थेत त्या लेखिका होऊ शकल्या नसत्या, वाचकही झाल्या नसत्या. येथे त्या आधी विद्यार्थिनी आणि लगेच शिक्षिका झाल्या. अक्षरज्ञानाची अट नसलेले पाककृतीचे सार्वजनिक माध्यम मराठीत प्रथमच इतके दूरवर पोहोचले आहे. जुन्या पाकपुस्तकांच्या प्रेमापोटी आपण हे नाकारू नये.

याच वाहिनीच्या बाबतीत ऑक्टोबर २०२० मध्ये एक घटना घडली. वाहिनीवर अज्ञातांनी ताबा मिळवला आणि ती काही दिवस हातची गेली. सुदैवाने पुढे ती परत मिळाली. मिळाली नसती तर त्या आजींच्या हातच्या पाककृतींची सार्वजनिक नोंद नाहीशी झाली असती.

नोंदीचा प्रश्न :

इतिहासाच्या अभ्यासकाला या ठिकाणी थांबावे लागते. १८६७ च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात छापल्या जाणाऱ्या पुस्तकांची नोंदणी सुरू झाली. पुस्तकाचे नाव, कर्ता, छापखाना, पृष्ठसंख्या, प्रतींची संख्या, किंमत ही माहिती सरकारी सूचीत जाऊ लागली. हेतू अर्थातच राज्यकर्त्यांच्या देखरेखीचा होता. पण त्या संशयी कारभाराने पाकपुस्तकांचीही नोंद आपोआप राखली. स्वातंत्र्यानंतर १९५४ च्या कायद्याने प्रकाशित पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना देणे प्रकाशकावर बंधनकारक झाले. व्यवहारात त्याचे पालन कितपत होते हा वेगळा मुद्दा. तरीही एखाद्या पाकपुस्तकाची पहिली आवृत्ती आणि दहावी आवृत्ती शेजारी ठेवून तूप कोठे कमी झाले आणि पनीर कोठे शिरले, हे पाहता येते. आवृत्तीचे वर्ष हा अन्नेतिहासाचा कणा आहे.

ऑनलाइन पाककृतीला आवृत्ती नसते. ती बदलली जाते तेव्हा पूर्वीचे रूप बहुधा उरत नाही आणि काढून टाकली जाते तेव्हा काहीच उरत नाही. म्हणजे ज्या समाजांना मुद्रणाने दीडशे वर्षे बाहेर ठेवले त्यांचा स्वयंपाक आता ज्या माध्यमात येत आहे, ते माध्यम नोंद टिकवण्याची कोणतीही हमी देत नाही. उशिरा मिळालेली जागा भाड्याची आहे आणि भाडेकराराची मुदत कोणालाच माहीत नाही. २०२३ च्या नव्या कायद्याने १८६७ चा कायदा रद्द केला. नव्या कायद्याच्या कक्षेत नियतकालिके आहेत, पुस्तके नाहीत. तेव्हा मुद्रित पाकपुस्तकांच्या बाबतीतही ही जुनी सूची यापुढे अभ्यासकाच्या मदतीला येणार नाही.

म्हणून रोजच्या स्वयंपाकासाठी पुस्तक घ्यावे की मोबाइल, याचे उत्तर पदार्थ पाहून द्यावे आणि दोन्हींचा संकोच बाळगू नये. परंतु पडद्यावरून शिकलेली जी पाककृती घरात रुजली ती वहीत उतरवून ठेवावी. कोणाची, कोणत्या गावची, केव्हा शिकली आणि आपण तिच्यात काय बदल केला, हे चार शब्द तिच्याशेजारी लिहावेत. आमच्या इतिहास विभागात पदवीच्या वर्गाला स्थानिक इतिहासाचा प्रकल्प म्हणून घरातील एक पाककृती अशा नोंदीसह आणावयास सांगितले, तेव्हा बहुतेकांनी पदार्थाची कृती व्यवस्थित आणली. मात्र 'ही कोणाकडून आली' या रकान्यात अनेकांनी फक्त 'आई' एवढेच लिहिले, नाव लिहिले नाही.

आईने येसराच्या पानावर तारीख घातलेली नाही. विचारल्यावर तिला साल आठवेना, पण आजी दळण घेऊन पहिल्यांदा विजेच्या गिरणीवर गेली होती त्याच आठवड्यात लिहिले, हे तिने लगेच सांगितले. गिरणीच्या जुन्या पावतीवरून ते साल १९९१ असल्याचे ठरवता आले. आजीच्या नावासह ते आता त्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.